संगणकाला मराठी बोलायला लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या, शेजारच्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे संगणक मी 'बोलते' करून दिलेत. कुणाची नजर कमी झालेली, कुणाला जन्मापासून दिसत नाही, कुणाला नुसतं स्वयंपाक करताना वर्तमानपत्र ऐकायचंय. प्रश्न मात्र तेच तेच येतात. उत्तरं एकदा लिहूनच काढावीत म्हणून हे पान.

विंडोजच्या यादीत मराठी आवाज दिसतच नाही. माझं काय चुकतंय?

काहीच नाही. तो तिथे नाहीच. निम्मे लोक इथेच अर्धा दिवस घालवतात म्हणून हा प्रश्न पहिला घेतलाय.

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'स्पीच', मग 'मॅनेज व्हॉइसेस' आणि 'ॲड व्हॉइसेस' या वाटेनं गेलात की भाषांची लांब यादी उघडते. त्यात भारतातल्या भाषांपैकी हिंदी आणि तमिळ सापडतात, शिवाय भारतीय धाटणीची इंग्रजी. हिंदीसाठी कल्पना आणि हेमंत, तमिळसाठी वल्लुवर, भारतीय इंग्रजीसाठी हीरा आणि रवी. मराठी नाही. विंडोज पुन्हा टाकून, भाषा काढून परत जोडून, दुकानात नेऊन ती उगवणार नाही. आमच्या इथल्या एका दुरुस्तीवाल्यानं 'मराठी व्हॉइस पॅक टाकला' म्हणून एका आजोबांकडून पैसे घेतले होते. बघितलं तर त्यानं फक्त मराठी कीबोर्ड जोडला होता.

पण मी 'मराठी' भाषा जोडली आहे. मग आवाज का नाही आला?

भाषा जोडणं आणि आवाज जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषा जोडली की कीबोर्ड येतो, काही भाषांसाठी मेनू त्या भाषेत दिसू लागतात. वाचून दाखवणारा आवाज हा त्यातला स्वतंत्र भाग आहे आणि तो ज्या भाषांसाठी बनवलाय त्यांच्यासाठीच मिळतो. भाषा निवडताना तिच्या नावाशेजारी छोटी चिन्हं दिसतात, त्यांत 'टेक्स्ट टू स्पीच'चं चिन्ह आहे का ते आधी बघायचं.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. आपण बोलायचं आणि संगणकानं टाइप करायचं हे निराळं काम आहे, त्याला 'व्हॉइस टायपिंग' म्हणतात. इथे आपण उलट्या दिशेबद्दल बोलतोय: मजकूर आधीपासून आहे, संगणकानं तो मोठ्यानं वाचायचा.

मग हिंदी आवाजाकडूनच मराठी वाचून घेतलं तर?

घेता येतं. लिपी एकच, त्यामुळे कल्पना किंवा हेमंत मराठी मजकूर समोर ठेवला तर गप्प बसत नाहीत, आणि इंटरनेटही लागत नाही. वेळ भागवायला बरं. पण कानाला त्रास होतो.

आमच्या आत्याला मी सुरुवातीला हाच आवाज लावून दिला होता. आषाढीच्या आधीची बातमी होती, आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या प्रस्थानाची. आवाज म्हणाला 'ग्यानेश्वर'. आत्यानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा कोण नवीन?" हिंदीत 'ज्ञ'चा उच्चार 'ग्य' होतो, मराठीत 'द्न्य'. त्यामुळे विज्ञान, आज्ञा, कृतज्ञ, सगळं परकं होतं. 'ळ' हे अक्षर तर त्या आवाजाच्या घरचंच नाही, त्यामुळे आळंदी, टिळक, कमळ ऐकताना कान अडखळतो. आकड्यांचं आणखी वाईट. '५५' दिसलं की मराठी वाक्याच्या मध्येच 'पचपन' येतं.

एखादा अर्ज किंवा ईमेल चटकन ऐकून घ्यायला ठीक आहे. रोज तासभर ऐकायचं असेल तर नको.

खरा मराठी आवाज मिळतो तरी कुठे?

तीन ठिकाणी, आणि तिघांचे स्वभाव वेगळे आहेत.

विंडोजवर सगळ्यात सोपी वाट मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमधून जाते. त्यात आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत. पान उघडा, कंट्रोल+शिफ्ट+यू दाबा, वर जी पट्टी येते तिच्यातल्या 'व्हॉइस ऑप्शन्स'मध्ये मराठी शोधा. काहीही डाउनलोड करायचं नाही, कारण आवाज तुमच्या संगणकात येतच नाही. मजकूर इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातो आणि ध्वनी परत येतो. नेट गेलं की आरोही गेली. पण उच्चार आणि वाक्याचा चढउतार पहिल्यांदा ऐकणाऱ्याला माणूस वाचतोय असंच वाटायला लावतो. पानावर जाहिरातींची गर्दी असेल तर आधी एफ-९ दाबून बघा. 'इमर्सिव्ह रीडर' उघडला तर फक्त बातमी उरते आणि आवाज 'सबस्क्राइब करा' वगैरे वाचत बसत नाही.

दुसरा आवाज ई-स्पीक एनजी नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरचा. अगदी छोटं, फुकट, नेटशिवाय चालणारं, आणि शंभराहून जास्त भाषा येणारं. त्यात मराठी आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

तिसरा मॅकवर. २०२२ साली ॲपलनं मॅकओएस व्हेंचुरा आणि आयओएस १६ मध्ये ज्या वीसेक भाषांचे आवाज वाढवले त्यांत मराठीही आली. आवाजाचं नाव अनन्या. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी', मग 'स्पोकन कंटेंट', तिथे 'सिस्टिम व्हॉइस'च्या यादीतून 'मॅनेज व्हॉइसेस' उघडून ती उतरवून घ्यायची. एकदा उतरवली की नेट नको. मजकूर निवडून ऑप्शन+एस्केप दाबलं की बोलते. त्यासाठी त्याच पानावरचं 'स्पीक सिलेक्शन' चालू असावं लागतं.

क्रोममध्ये शोधू नका. संगणकावरच्या क्रोमसोबत गूगलचे जे आवाज येतात त्यांत हिंदी आहे, मराठी नाही. गंमत म्हणजे त्याच गूगलचा मराठी आवाज अँड्रॉइड फोनवर छान चालतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'टेक्स्ट टू स्पीच' शोधा, तिथे मराठीचा व्हॉइस डेटा उतरवता येतो. संगणकाशी झुंजून कंटाळलेल्या दोन-तीन जणांना मी सरळ फोन वापरायला सांगितलंय.

एनव्हीडीए म्हणजे काय, आणि त्यात मराठी कशी लावायची?

एनव्हीडीए हा विंडोजसाठीचा मोफत स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, कारण तेव्हाचे स्क्रीन रीडर परवडणारे नव्हते. जेम्स टेह नंतर त्याच्यासोबत आला आणि एनव्ही ॲक्सेस ही संस्था उभी राहिली. ब्राउझरचा 'रीड अलाउड' फक्त पान वाचतो. स्क्रीन रीडर सगळा संगणक वाचतो: मेनू, फाइलींची नावं, टाइप केलेलं प्रत्येक अक्षर. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना हाच हवा.

ई-स्पीक एनजी एनव्हीडीएच्या पोटातच असतो, वेगळा बसवावा लागत नाही. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर बसवतानाच कॅप्स लॉकलाही ते काम देता येतं. ती की धरून कंट्रोल+एस दाबलं की सिंथेसायझर, म्हणजे मजकुराचा आवाज करणारं इंजिन, निवडायची खिडकी येते. तिथे 'ई-स्पीक एनजी' ठेवा. मग ती की धरून कंट्रोल+व्ही. आवाजाच्या यादीत 'एम' दाबत गेलात की मराठी लागते. तिथेच 'ऑटोमॅटिक लँग्वेज स्विचिंग' नावाचा चौकोन आहे. सुरुवातीला त्याची खूण काढून ठेवा. कारण वेबसाइट चालवणाऱ्यांच्या प्रश्नात सांगितलंय.

बोलणं थांबवायला कंट्रोल, क्षणभर रोखायला शिफ्ट. या दोन कीज नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत शिकवा, बाकी सगळं नंतर. आपण बोलत असताना संगणकही बोलत राहिला की माणूस घाबरतो आणि परत त्याच्या वाटेला जात नाही. हे मी बघितलंय.

ई-स्पीक रोबोटसारखा बोलतो. दृष्टिहीन लोकांना तो आवडतो कसा?

कारण त्यांना गोड आवाज नको असतो, वेगवान हवा असतो. आरोहीसारखे आवाज माणसाच्या रेकॉर्डिंगवर शिकवलेले असतात. ई-स्पीक कुणाच्याच आवाजावर बेतलेला नाही. तो गणितानं स्वर-व्यंजनांचे नाद जागच्या जागी तयार करतो, म्हणून तो काही एमबींत मावतो आणि की दाबताक्षणी बोलतो. वेग दुप्पट-तिप्पट केला तरी अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. माझा एक दृष्टिहीन मित्र ज्या वेगानं ऐकतो तो वेग मला टाचणीच्या डब्यात खडे हलवल्यासारखा वाटतो, आणि तो त्यातून शुद्धलेखनाच्या चुका काढतो. एनव्हीडीएत 'रेट बूस्ट' ही सोय अशांसाठीच आहे.

डोळस माणसानं कुणासाठी आवाज निवडताना आपल्या कानावर जाऊ नये. ऐकणाऱ्याला दोन्ही ऐकवावेत आणि त्यालाच ठरवू द्यावं.

आवाज जोडला, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये बोलतोही, पण माझ्या सॉफ्टवेअरच्या यादीत येत नाही.

विंडोजमध्ये आवाजांची दोन कपाटं आहेत. जुन्याचं नाव सॅपी ५, नव्याचं वनकोर. सेटिंग्जमधून जोडलेले आवाज नव्या कपाटात जातात. विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर आणि एनव्हीडीए ते उघडू शकतात, बालाबोल्कासारखी बरीच जुनी पण कामाची सॉफ्टवेअर फक्त जुनं कपाट उघडतात. आवाज हरवलेला नसतो, सॉफ्टवेअर चुकीच्या दाराशी उभं असतं. एनव्हीडीएमध्ये सिंथेसायझर बदलून 'विंडोज वनकोर व्हॉइसेस' केलं की तो दिसतो. आणि सॉफ्टवेअर एकदा बंद करून उघडा. ही सूचना बाळबोध वाटते, पण सहसा तेवढ्यानंच काम होतं.

एजमधला मराठी आवाज दुसऱ्या सॉफ्टवेअरला देता येत नाही का?

थेट नाही. 'नॅचरल व्हॉइस सॅपी ॲडॉप्टर' नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते हे आवाज जुन्या कपाटात आणून ठेवतं. जाणकार माणूस हाताशी असेल तर करून बघा. नसेल तर उलटी युक्ती वापरा: आवाज बाहेर आणण्याऐवजी मजकूर आत न्या. एज पीडीएफ आणि साध्या टेक्स्ट फाइली उघडतो. नोटपॅडमध्ये मजकूर चिकटवा, सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, फाइल एजवर ओढून टाका, कंट्रोल+शिफ्ट+यू. आत्याचं निम्मं वाचन असंच चालतं.

डाउनलोड अर्ध्यात अडकतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर विंडोज ते कनेक्शन 'मीटर्ड' धरून डाउनलोड टांगून ठेवू शकतं. वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन ती खूण काढा. संगणक कार्यालयाचा असेल आणि अपडेट तिथल्या व्यवस्थापकानं बंद केले असतील तर त्यालाच गाठावं लागेल. आणि हो, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या यंत्रावर आधीपासून असलेला आवाज चालत राहील, पण नव्यानं बसवणार असाल तर ११ वरच करा.

आवाज काहीच बोलत नाही. मधले आकडे तेवढे वाचतो.

इंग्रजी आवाज लागलाय. डेव्हिड किंवा झिराला देवनागरी वाचता येत नाही, आणि ते तसं सांगतही नाहीत, निमूटपणे पुढे सरकतात. ओळीत इंग्रजी आकड्यांतलं '2024' किंवा एखादा इंग्रजी शब्द आला की तेवढं वाचतात. संगणक बिघडलेला नाही. आवाज बदला.

बरोबर मराठी आवाज लावलाय, पडद्यावर मजकूरही मराठीच दिसतोय, तरी इंग्रजी अक्षरं बरळतो!

हा माझा आवडता प्रश्न. इथे आवाजाचा काही दोष नसतो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी टाइप करण्यासाठी एक जुगाड होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार ठेवलेले फाँट: कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख आणि त्यांची भावंडं. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द दिसण्यासाठी टंकलेखक प्रत्यक्षात 'ई, जे, के, कॅपिटल बी, एच' या पाच कीज दाबतो. म च्या जागी ई, र च्या जागी जे, काना म्हणजे के, ठ म्हणजे कॅपिटल बी, दुसरी वेलांटी म्हणजे एच. फाइलीतही तीच पाच इंग्रजी अक्षरं साठवली जातात. आपल्या डोळ्यांना फाँटचा मुखवटा दिसतो. आवाजाला मुखवटा दिसत नाही, तो खालचा चेहरा वाचतो: ईजेकेबीएच.

ओळखायची सोपी खूण: मजकूर निवडा आणि फाँट बदलून 'निर्मला यूआय' किंवा 'मंगल' करा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड आहे. इंग्रजीचा पाऊस पडला तर जुना फाँट.

उपाय म्हणजे रूपांतर. जुन्या फाँटचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर नेटवर मोफत आहेत, मात्र फाँटचं नेमकं नाव माहीत हवं. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. आणि रूपांतरानंतर डोळ्यांखालून घालाच. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. या उलटापालटीत वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि रफार एक घर सरकतो. सोसायटीची इतिवृत्तं, शाळांचे दाखले, लग्नपत्रिका, देवस्थानांच्या स्मरणिका, आपल्याकडे अजूनही ढिगानं असा मजकूर आहे, आणि नवा तयारही होतोय. डीटीपीवाले काकाही ऐकत नाहीत. "छापून चांगलं येतंय ना?" एवढंच त्यांचं म्हणणं. छापून येतंय, पण ऐकू येत नाही.

पीडीएफ वाचत नाही.

त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच चिकटलं नाही तर तो फोटो आहे. खिचडी चिकटली तर जुना फाँट किंवा पीडीएफ बनवताना मोडलेली अक्षरं. दोन्हीला इलाज ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखणं. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली तर तो मराठी ओळखतो. नेटशिवाय करायचं असेल तर टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरला मराठीची माहिती उपलब्ध आहे. वर्तमानपत्राचं पान असेल तर एकेक रकाना कापून द्या, नाहीतर अग्रलेखाची ओळ शेजारच्या निविदेत घुसते.

मराठी आवाजसुद्धा काही शब्द चुकीचे का वाचतो?

कारण आपली लिपीच काही गोष्टी सांगत नाही. 'या जगात जगायचं कसं' हे मोठ्यानं म्हणून बघा. दोन्हीकडे ज तोच लिहिलाय, पण पहिला टाळूला लागतो, दुसरा दातांजवळ. 'चार पेंढ्या चारा' यातल्या दोन च चं तेच. मराठी माणसाला हे नकळत येतं. यंत्राला प्रत्येक शब्दाचा वेगळा उच्चार शिकवावा लागतो, आणि कोशात नसलेल्या शब्दाला ते अंदाज मारतं. आडनावं आणि गावांची नावं इथेच मार खातात.

दुसरी भानगड टायपिंगची. 'सह्याद्रीच्या दऱ्या' मधला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून. दुसरी म्हणजे साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे. पण मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना ते न दिसणारं चिन्ह कधीकधी गळून पडतं, आणि 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. डोंगर चढायला निघालेला माणूस समुद्रात. स्वतः टाइप करत असाल तर ऱ वापरा. 'ॲ'चंही तसंच. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ मध्ये आलं, त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे, आणि काही आवाज तिथे ठेच खातात.

'मु. पो.', 'ता.', 'जि.' हे नीट वाचवून घेता येईल?

एनव्हीडीएमध्ये येईल. त्याच्या मेनूत 'प्रेफरन्सेस'खाली 'स्पीच डिक्शनरीज' आहे. तिथे 'मु. पो.' असेल तिथे 'मुक्काम पोस्ट' वाच, 'जि.' असेल तिथे 'जिल्हा' वाच, असं एकेक लिहून ठेवायचं. नातवंडांची नावं चुकत असतील तर तीही इथेच सुधारता येतात. फक्त 'ता.' घालताना जपून: तालुकाही ता., तारीखही ता.

आकड्यांत मोठ्या रकमा ऐकून खात्री करा. '१,२५,०००' मधल्या स्वल्पविरामांवर काही आवाज थबकतात आणि सव्वा लाखाचे तीन सुटे आकडे करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! यंत्रांना ती पद्धत फार आवडली असती. आपले एक ते शंभर आकडे म्हणजे जवळजवळ शंभर वेगळे शब्द, सगळे पाठ करून घ्यावे लागतात.

लिनक्सवर?

ओर्का हा स्क्रीन रीडर आणि ई-स्पीक एनजी बहुतेक वितरणांत आधीच असतात. ग्नोममध्ये सुपर+ऑल्ट+एस दाबलं की ओर्का सुरू. आवाजाची भाषा मराठी करा, झालं. एवढंच आहे म्हणून एवढंच लिहितो.

कोकणीसाठी काही?

गोव्यातून हा प्रश्न बऱ्याचदा येतो. विंडोजच्या यादीत कोकणी नाही. ई-स्पीक एनजीमध्ये मात्र आहे, म्हणजे एनव्हीडीएतून देवनागरी कोकणी ऐकता येते.

आपल्याकडे कुणी मराठी आवाजावर काम केलंच नाही का?

भरपूर केलंय. आयआयटी मद्रासच्या प्राध्यापक हेमा मूर्ती यांच्या पुढाकारानं अनेक संस्थांनी मिळून तेरा भारतीय भाषांसाठी आवाज तयार केले, त्यांत मराठी आहे. त्याच संस्थेतल्या 'एआय फॉर भारत' या गटाची मॉडेल्सही खुली आहेत. सरकारचा भाषिणी हा उपक्रम २०२२ पासून चालू आहे. अडचण शेवटच्या पायरीवर आहे. मॉडेल आहे, पण दोनदा क्लिक करून विंडोजच्या यादीत जाऊन बसेल असा इन्स्टॉलर नाही. प्रोग्रामरला ते वापरता येतं, आत्याला नाही. माझी तक्रार एवढीच.

मी मराठी वेबसाइट चालवतो. मी काय करावं?

पानाच्या कोडात भाषा मराठी असल्याचं लिहा. तिचा कोड 'एमआर'. तयार साचे वापरणाऱ्या कित्येक मराठी साइटींवर तिथे इंग्रजीच राहून गेलेलं असतं. मग एनव्हीडीएचं 'ऑटोमॅटिक लँग्वेज स्विचिंग' प्रामाणिकपणे इंग्रजी उच्चारांकडे वळतं आणि मराठी मजकूर नीट वाचला जात नाही. म्हणूनच मी वर ती खूण काढायला सांगितली. आणि बातमीचं शीर्षक चित्रात कोरून टाकू नका.

पुस्तक स्कॅन करून ऐकलं तर कायद्याचं काय?

प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातली प्रत तयार करायला मुभा दिली आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचा माराकेश करार तर सगळ्या जगात सर्वांत आधी भारतानं मंजूर केला, २०१४ मध्ये. डोळस लोकांत फुकट वाटायला ही मुभा नाही. दृष्टिहीन वाचकांनी स्कॅन करत बसण्याआधी २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे सुलभ पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय बघावं. हवं ते पुस्तक तिथे तयारही असू शकतं.

बँकेचं पत्रक ऐकायला कोणता आवाज?

ई-स्पीक, कल्पना, मॅकवरची अनन्या, म्हणजे नेटशिवाय चालणारा कुठलाही. एजमधला मजकूर बाहेर सर्व्हरवर जातो. वैद्यकीय अहवाल, मृत्युपत्र, पासवर्ड असलेली चिठ्ठी तिथे वाचायला लावू नका.

'मराठी व्हॉइस पॅक फ्री डाउनलोड' म्हणणाऱ्या साइट खऱ्या असतात?

मी एकही धड बघितलेली नाही. लांब राहा.

ज्येष्ठांसाठी वेग किती ठेवावा?

आपल्याला कंटाळवाणा वाटेल इतका कमी, निदान पहिला आठवडा. एजच्या 'व्हॉइस ऑप्शन्स'मध्येच वेगाची पट्टी आहे, ती मधल्या खुणेच्या थोडी डावीकडे आणा. लॅपटॉपच्या स्पीकरवर भागवू नका, साधा बाहेरचा स्पीकर जोडा. ऐकू कमी येणाऱ्याला लॅपटॉपचा चिरका आवाज जास्त छळतो. आणि की कुठल्या दाबायच्या ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याशेजारी चिकटवा. आत्याच्या कागदावर चारच ओळी आहेत, आणि शेवटची तिनं स्वतः मला लिहायला लावली आहे: 'नको असेल तर झाकण बंद कर.'